बुडाला लागलेला कांदा

"माझा नवरा त्याला अंधार म्हणतो," फोनवर पलीकडची मुलगी म्हणाली आणि मास्तरीण वाचता वाचता थांबली. समोरच्या पडद्यावर तिनं बटाट्याच्या रश्श्याची कृती उघडून ठेवली होती, 'प्रथम बटाटे स्वच्छ धुऊन' हे शब्द जिभेवर तयार होते. ते तिथंच राहिले. "काय म्हणतात?" तिनं विचारलं. आवाज कंपनीचाच निघाला, शांत आणि गोड, एवढं बरं. "अंधार. हसू नका हं ताई. लहानपणी त्याची आई करायची म्हणे. बटाट्याचाच रस्सा, पण काळपट. जरासा जळका, पण जळका नाही. जरासा कडू, पण कडूही नाही. मी किती तऱ्हांनी केला. दर वेळी तो म्हणतो, चांगला झालाय. म्हणजे ते नाहीच." मास्तरीण कसली हसतेय. तिच्या लेकानं हे नाव ठेवलं तेव्हा त्याचे पुढचे दात पडलेले होते, आणि जगात दुसऱ्या कुठल्या घरात कुणी रश्श्याला अंधार म्हणत असेल यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

तिचं कामच असं होतं की कुणाच्या तरी घरात काहीतरी बिघडल्याशिवाय फोन यायचाच नाही. कंपनी भांडी बनवायची. आतून काळी गुळगुळीत, काही म्हणजे काही बुडाला लागणार नाही असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, आणि खोक्यात एक चिठ्ठी, की स्वयंपाकात अडलं तर या नंबरवर विचारा. लोक विचारायचे. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी या बायका कानाला हेडफोन लावून ओळीनं बसलेल्या, आणि दिवसभर परक्यांची स्वयंपाकघरं कानात येऊन ओरडायची. भात चिकट झाला, अंडी फुटली, पाहुणे दारात आहेत. फोन ज्या बाईची लाईन मोकळी असेल तिच्याकडे जायचा. हिला मास्तरीण म्हणायचे, कारण ती उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न करायची. पाणी किती घातलंत, मोजून की मनानं, झाकण कितीदा उघडलंत, खरं सांगा. लोक खरं सांगायचे. शेजारी केकवाली बसायची. तिला केकमधलं सगळं यायचं आणि बाकी काही यायचं नाही, आणि त्याचं तिला काही वाटायचंही नाही. काचेपलीकडे सुपरवायझरबाई. त्या कुणाचाही फोन केव्हाही मधेच ऐकायच्या. नियम एकच, पडद्यावर आहे तेवढंच सांगायचं, आपले घरचे उद्योग सांगायचे नाहीत. मागे कुणीतरी भांडं वाळूनं घासायला सांगितलं होतं, ते प्रकरण फार वरपर्यंत गेलं होतं.

"तापातून उठलाय हो तो," मुलगी सांगत होती. "दवाखान्यात होता. आता घरी आणलंय, पण जेवण जात नाही. दोन घास खातो आणि उठतो. डॉक्टर म्हणतात मीठ कमी, बाकी काहीही द्या, पण पोटात गेलं पाहिजे. नाहीतर पुन्हा दाखल करावं लागेल. मी काय काय केलं म्हणून सांगू तुम्हाला. मग काल झोपेत म्हणाला, अंधार वाढ. मला आधी भीतीच वाटली." मास्तरणीनं टेबलाची कड धरली. दवाखान्यात होता. दवाखान्यात होता आणि आपण इथं लोकांची कस्टर्डं सुधारत होतो. कुणी एका शब्दानं कळवलं नाही. कोण कळवणार म्हणा. कळवणारी माणसं तिनंच एकेक करून तोडली होती, आणि तोडताना तिचा हात जरासुद्धा कचरला नव्हता.

"त्यांच्या आईला का नाही विचारत?" हे ती विचारणार नव्हती. विचारून बसली. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. "त्या बोलत नाहीत आमच्याशी. मी पाहिलेलंसुद्धा नाही त्यांना, लग्नाला आल्या नव्हत्या. नंबर आहे माझ्याकडे. दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. फार कडक आहेत म्हणे. आणि याला कळलं ना मी त्यांना विचारलं, तर आहे ते दोन घासही बंद होतील." कडक. मास्तरणीला हसू येतंय की रडू हे तिचं तिला ठरवता येईना. ही पोरगी, लग्नपत्रिकेबरोबर आलेला जिचा फोटोसुद्धा तिनं पाकिटातून बाहेर काढला नव्हता, ती तिच्याच कानात बसून तिच्याबद्दल सांगत होती, आणि सांगताना बिचारी आवाज खाली आणत होती.

लेकाचा बाप घर सोडून गेला तेव्हा लेक दुसरीत होता. गेला म्हणजे चांगला हसतखेळत गेला, दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात. मास्तरीण तेव्हा एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबत होती. एका संध्याकाळी ती घरी आली, कांदा फोडणीला टाकला, आणि उभ्या उभ्या भिंतीला डोकं टेकून तिला डुलकी लागली. जागी झाली ती वासानं. कांदे कडेनं काळे, बुडाला चिकटलेले, घरात दुसरा कांदा नाही, दिवेही गेलेले. पोरगं भुकेनं पिरपिर करत होतं. तिनं हाताला लागलं ते ओतलं, तो होता सकाळचा उरलेला कोरा चहा. चर्र झालं, बूड सुटलं, वर टोमॅटो, बटाटे, पाणी. मेणबत्तीच्या उजेडात पोरानं पहिला घास घेतला आणि ती शिव्या खायच्या तयारीनं बसली. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. "अंधार," ती वैतागून म्हणाली, दिव्यांबद्दल. "अजून अंधार वाढ," तो म्हणाला, आणि पावाच्या तुकड्यानं ताट पुसून पुसून जेवला. त्यानंतर ती कांदा मुद्दाम लागू द्यायची. चहा मुद्दाम उरवायची. पगार झाला की लोक चांगलंचुंगलं करतात, यांच्याकडे बुडाला लागलेला कांदा व्हायचा. दोघंच होती ती घरात, आणि तो रस्सा त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हता. त्याच्या बापालाही नाही.

आणि तोच बाप म्हातारपणी आजारी पडून, दुसरा संसार विस्कटून, पोराच्या दारात आला. पोरानं त्याला घरात घेतलं. मास्तरीण म्हणाली, तो या घरात आहे तोवर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. पोरगं म्हणालं, आई, त्याला आता चालताही येत नाही. ती म्हणाली, गेला तेव्हा बरं चालता आलं. मग शब्दाला शब्द वाढत गेला, आणि शेवटी तो म्हणाला, ठीक आहे. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढे बाप वारला, पोराचं लग्न झालं, पण 'ठीक आहे' तसंच राहिलं. पुढे कोण टाकणार पाऊल? तिला वाटायचं त्यानं टाकावं. त्याला काय वाटायचं ते तिला कधी कळलं नाही, कारण कळून घ्यायला फोन करावा लागला असता.

"ताई? आहात ना?" मुलगी म्हणाली. आहे, मास्तरीण म्हणाली. काचेपलीकडे सुपरवायझरबाईंनी हेडफोन उचलला होता, कुणाचा फोन ऐकत होत्या देव जाणे. आता काय करायचं हे तिला तिथल्या तिथं ठरवायचं होतं. पडद्यावरचा रस्सा सांगावा, तर पोरगं उपाशी. खरा रस्सा सांगावा, तर पहिल्या घासाला त्याला कळणार, की यात आईचा हात आहे. आणि कळलं की? चमचा खाली ठेवेल आणि शांतपणे म्हणेल, ठीक आहे. ते दोन शब्द पुन्हा ऐकायची, अगदी या परक्या पोरीच्या तोंडून ऐकायचीसुद्धा तिची छाती नव्हती. तिनं मधला रस्ता काढला. असे रस्ते काढण्यात ती हुशार. "कांदा कोणत्या भांड्यात परतता?" "तुमच्याच हो, नवीन घेतलंय." "मग नाही व्हायचं. आमच्या भांड्यात काही लागत नाही." हे तिच्या तोंडून गेलं आणि शेजारच्या केकवालीनं मान वळवून पाहिलं. "पातळ बुडाचं जुनं एखादं पातेलं असेल तर बघा. कांदा उभा चिरा, आच मोठी ठेवा, आणि हलवू नका. हात शिवशिवले तरी हलवू नका. कडा काळ्या झाल्या, वास नाकाला झोंबला, की मग पाणी." चहा तिनं गाळला. चहा नसेल तर रस्सा चांगला होईल, जवळ जाईल, पोटात जाईल, आणि आपण मात्र त्यात कुठंही दिसणार नाही.

"आहे एक पातेलं," मुलगी म्हणाली. "सासऱ्यांचं. ते दूध तापवायचे म्हणे त्यात, तेवढंच एक भांडं घेऊन आले होते ते आमच्याकडे." मास्तरणीनं डोळे मिटले. त्याच्या पातेल्यात. तिचा अंधार त्याच्या दुधाच्या पातेल्यात शिजणार. नको, दुसरं बघा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं. "चालेल," ती म्हणाली. "घासून घ्या नीट." आणि कंपनीच्या शिस्तीप्रमाणे तिनं विचारलं की आणखी काही मदत करू शकते का, आणि मुलीनं मनापासून आभार मानले, आणि लाईन रिकामी झाली.

घरी आल्यावर तिला भूक नव्हती, तरी तिनं कांदे काढले. लेक तुटल्यापासून तिनं हा रस्सा केला नव्हता, एकटीसाठी कोण करतं. पण आज तपासून बघायचं होतं, चहाशिवाय तो कितपत उतरतो. म्हणजे असं तिनं स्वतःला सांगितलं. कांदा तेलात पडला, फुलला, गोड वास सुटला, मग तो गोडवा हळूहळू करडा झाला आणि घसा खवखवायला लागला. आता हलवावं असं हाताला वाटतं ती वेळ. हीच वेळ सांभाळायची असते, नाहीतर नुसता कोळसा. तिनं अर्धा कांदा वेगळ्या पातेल्यात काढून त्यात साधं पाणी ओतलं, उरलेल्यात थंड कोरा चहा. दोन्हीकडे टोमॅटो, दोन्हीकडे बटाटे. मग एका घासाला हा, एका घासाला तो. पाण्याचा रस्सा चांगला होता, कुणी नाव ठेवलं नसतं. चहाचा तोंडात गेला आणि जिभेच्या कडेला तो तुरट चिमटा बसला, मग मागून कांद्याचा जळका गोडवा आला, आणि बटाटा दातांखाली नुसता विरघळला. झकास झाला होता, हीच तर पंचाईत. तिनं पाव मोडला, बुडवला, पुन्हा मोडला. इतक्या दिवसांत तिला जेवण लागलं नव्हतं असं, आणि ती खात होती आणि तिला स्वतःचा राग येत होता. तिकडे तो पाण्याचा रस्सा चिवडत बसला असेल. तिनं त्याला उपाशी ठेवलं नव्हतं, हे खरं. पण जेवूही घातलं नव्हतं. पोराच्या ताटातला अर्धा घास काढून घेतल्यासारखं झालं, आणि कशासाठी, तर आपण दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती कामावर लवकर आली. मुलगी पुन्हा फोन करणार हे तिला माहीत होतं, नाही करणार असंही वाटत होतं, आणि केला तर तो आपल्याकडेच येईल याचा काय नेम. तिनं लाईन मोकळी राहावी म्हणून काय काय केलं. पुडिंग न जमलेल्या गृहस्थांना एका वाक्यात वाटेला लावलं. एका आजीबाई सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागल्या तेव्हा, एरवी मिटक्या मारत ऐकली असती ती, आज म्हणाली, आजी, झाकण ठेवा आणि गॅस बंद करा. केकवाली म्हणाली, "आज घोड्यावर बसून आलीयेस का?" मास्तरीण चहालाही उठली नाही. आणि नेमकी एका बाईच्या फुगलेल्या पावात ती अडकलेली असताना शेजारून केकवालीचा आवाज आला. "काय म्हणालात? अंधार? नाही हो, असला काही पदार्थ नाही आमच्याकडे. कुणी सांगितला? पातळ पातेल्यात कांदा जाळायला? आमच्याकडून? शक्यच नाही. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

मास्तरणीनं आपला फोन तसाच टाकला. ती उठली आणि केकवालीच्या डोक्यावरून तिनं हेडफोन काढून घेतला, केसांच्या दोन बटांसकट. "अगं बाई," केकवाली म्हणाली, पण मास्तरणीचा चेहरा बघून पुढं काही बोलली नाही, खुर्ची मागे सरकवून तिनं जागा दिली. "मी बोलतेय," मास्तरीण उभ्यानंच म्हणाली. "कालची. सांगा." "ताई, जवळ आलं," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आलेला होता. "वासानं उठून बसला तो. स्वतः होऊन म्हणाला, बघू. एक घास खाल्ला आणि थांबला. मला वाटलं झालं आता. मग चमचा ठेवला. म्हणाला, जाऊ दे, नको दमूस, ते एकाच बाईला येतं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आज सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. डॉक्टर संध्याकाळी बोलावतायत. आता पुन्हा कांदा टाकलाय मी, शेवटचा म्हणून. काहीतरी राहतंय ना त्यात? तुम्हाला माहीत आहे का काही?"

काचेचं दार उघडलं होतं. सुपरवायझरबाई येत होत्या, कारण मास्तरणीच्या टेबलावर टाकलेला हेडफोन हॅलो हॅलो करत होता. एकाच बाईला येतं. त्यानं आई म्हटलं नव्हतं, एक बाई म्हटलं होतं. पण येतं म्हटलं होतं. यायचं नव्हे, येतं. मास्तरीण एवढ्याशा शब्दाला धरून उभी राहिली. "चहा," ती म्हणाली. "काय?" "कोरा चहा. साखर नाही, दूध नाही. थंड. कांद्याच्या कडा काळ्या झाल्या की पाण्याऐवजी तो. घरात आहे का?" "सकाळचा आहे, मी प्यायलेच नाही." "कसा दिसतोय कांदा?" "तपकिरी. काही काही काळे." "थांब अजून." "जळेल ना." "जळू दे. हलवू नकोस. वास घे. गोड आहे तोवर थांब." पलीकडे तडतड ऐकू येत होती. इकडे सुपरवायझरबाई तिच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी बोटानं टेबलावर टकटक केलं, आणि मास्तरणीनं मान न वळवता हात वर करून त्यांना थांबवलं, वर्गात बडबड्या पोरांना थांबवतात तसं. "ताई," मुलगी हळूच म्हणाली, "हे तुमच्या यादीत आहे?" "नाही." "मग तुम्हाला कसं..." "कांद्याकडे लक्ष दे."

पलीकडून मुलीचा श्वास येत होता, आणि तो वेगळा येत होता. तिला कळलं होतं. मास्तरीण वाट बघत राहिली, की आता ही ठेवेल फोन, घाबरून ठेवेल, पूर्वी दोनदा ठेवला तसा. "घसा खवखवतोय," मुलगी म्हणाली अखेर. फोन ठेवला नव्हता तिनं. "ओत," मास्तरीण म्हणाली. चर्र असा आवाज आला, एवढा मोठा की केकवालीलाही बाहेर ऐकू गेला. "खरवड बूड. टोमॅटो टाक. बटाटे उकडलेले आहेत?" "आहेत." "कुस्कर थोडे हातानं, थोडे अख्खे ठेव. मीठ अगदी चिमटीभर. उकळी येऊ दे." मग उकळीचा आवाज, आणि कुठून तरी दुरून चपला घासत आल्याचा. चालताना आजारी माणसाच्या चपला घासतात तशा. मास्तरणीला तो घासण्याचा आवाज सहन होईना, तिनं टेबलावर एक हात टेकला. "काय टाकलंस यात?" तो आवाज. बारीक झाला होता, खरखरीत झाला होता, पण तोच. चमच्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. किती वेळ काहीच आला नाही ते मास्तरणीला सांगता आलं नसतं. ती त्या शांततेत 'ठीक आहे'ची वाट बघत उभी होती. म्हणू दे, तिला वाटलं. म्हणू दे, पण पोटात एक घास गेला आहे, तो आता बाहेर येत नाही.

फोन या हातातून त्या हातात गेल्याची खसखस झाली. कुणीतरी श्वास घेतला. सुपरवायझरबाई कानाशी कुजबुजल्या, "काय चाललंय हे?" आणि केकवालीनं, जिला केकपलीकडे काही यायचं नाही तिनं, त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मास्तरणीला किती तरी बोलायचं होतं. बापाचं, दवाखान्याचं, लग्नाचं, त्या पाकिटातल्या फोटोचं. "डॉक्टरांनी कमीच सांगितलंय," ती म्हणाली. आवाज कंपनीचा नव्हता. "मुकाट्यानं खा."

पलीकडे त्यानं फोन ठेवला नाही. पातेल्याला चमचा लागला, पुन्हा लागला, पाव मोडल्याचं ऐकू आलं, आणि तोंडात घास असताना माणूस नाकानं श्वास घेतो तो आवाज येत राहिला. मास्तरणीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी दाबून धरला आणि डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं, पुसायला हात मोकळा नव्हता.

"पातेल्यातून नको," ती म्हणाली. "ताटात घे. बसून खा."